दुमडलेला काठ

साखळीच्या आवाजावरूनच मला कळते, की वर येणारा पंजा रिकामा आहे की भरलेला. रिकामा पंजा कुरकुरतो. भरलेला मुकाट्याने येतो, ओझे वाहणारी माणसे जशी बोलणे बंद करतात तसा. मला त्या मुकाटपणाची भीती वाटते.

शहराचे सांडपाणी आमच्या केंद्रात ज्या जागी पहिल्यांदा पोहोचते, तिथे माझे काम असते. पुढे मोठमोठे हौद आहेत. त्यांत पाणी निवळते, त्यात हवा खेळवली जाते, आणि शेवटच्या हौदाच्या कठड्यावर तर पाखरेही येऊन बसतात. पण हे सारे नंतरचे. त्याआधी, काळ्या पाण्याच्या वाटेत, लोखंडी गज तिरके उभे केलेले आहेत. आम्ही त्यांना नुसते ‘जाळी’ म्हणतो. पाणी गजांमधून निघून जाते; जे पाणी नाही ते अडते. मग दातेरी पंजा साखळीवरून खाली उतरतो, केसांतून कंगवा फिरवावा तसा गजांमधून वर सरकतो आणि अडलेले सगळे एका पट्ट्यावर टाकतो. पट्ट्याच्या टोकाला दाबयंत्र आहे. ते कचऱ्यातले पाणी पिळून काढते. त्यात दगड, लोखंड किंवा लाकूड जाऊ नये म्हणून पट्ट्याजवळ एकाने लांब चिमटा घेऊन उभे राहायचे असते. तो एक म्हणजे मी.

बाबांना हे माहीत नाही. त्यांना एवढेच ठाऊक आहे, की मी पाण्याच्या केंद्रात आहे आणि माझ्यासमोर पुष्कळ दिवे लागलेली एक भिंत आहे. ती भिंत खरोखरच आहे; सगळी यंत्रे तिच्यावरून चालवतात. पण तिच्यासमोर दुसरे कुणी बसते. नोकरी लागली तेव्हा बाबांनी माझ्यासाठी पांढरे शर्ट शिवले. बाबा शिंपी आहेत. रोज संध्याकाळी मी परतलो, की ते आधी माझ्या कॉलरकडे पाहतात आणि ती स्वच्छ असल्याचे पाहून पुन्हा मशीनवर वाकतात. मी केंद्रात कपडे बदलतो आणि निघण्याआधी कोपरापर्यंत हात घासून धुतो, हे मी कधी बोललो नाही. मी फारसे काहीच बोलत नाही.

त्यामुळेच माझ्या सोबत्याने माझे नाव ‘मौनी’ ठेवले. त्याला आम्ही सगळे ‘भोंगा’ म्हणतो. उभा जन्म यंत्रांच्या शेजारी गेल्याने त्याला हळू बोलणे ठाऊकच नाही. त्याची बायको म्हणते, की हा घरात मीठ मागतो तर शेजारचे मीठ घेऊन येतात. भोंगा जाळीवर येणाऱ्या वस्तूंच्या अज्ञात मालकांना नावे देतो. कवळी आली, तर ‘आजोबा आज गप्प बसणार.’ शाळेतल्या मुलाची गुणपत्रिका आली, तर ‘चिरंजीवांचा निकाल लागला.’ ज्या वाइप्सच्या, म्हणजे पुसायच्या ओल्या फडक्यांच्या, पाकिटावर ‘पाण्यात विरघळतात’ असे छापलेले असते, ते तर आमच्याकडे ढिगांनी आणि पूर्ण शाबूत येतात. त्यांना तो ‘वचनभंग’ म्हणतो.

त्या सकाळी पट्ट्यावर चिंध्यांचा एक लगदा आला. त्यातले एक कापड मात्र चिंधी नव्हते. हातरुमालाहून लहान, अनेक पदरी, चौकोनी. बाकी सगळ्याचे धागे सुटून लोंबत होते. याचा एकही सुटलेला नव्हता. चारही बाजूंनी काठ आत दुमडून, पुन्हा दुमडून, हाताने शिवलेला होता.

“हे बघ, हे बघ,” भोंगा ओरडला. ओरडला म्हणजे, नेहमीसारखा बोलला. “टाकून द्यायची चिंधी, आणि तिला काठ शिवलाय. कोण रे हा नवाब?”

मी चिमट्याने ते कापड बाजूला घेतले. का घेतले, ते तेव्हा सांगता आले नसते. पदर किंचित उलगडले. आतल्या पदरावर, जिथे गटाराचे पाणी नीट पोहोचले नव्हते, तिथे गंजासारखा तपकिरी डाग होता.

“मौनी, दगड नाहीये तो, जाऊ दे पुढे,” भोंगा म्हणाला.

मी जाऊ दिले. दाबयंत्राने ते गिळले.

सुटी झाल्यावर मी कपडे बदलले आणि सवयीने पँटच्या खिशात हात घातला. खिशाच्या आतले कापड अंगठ्याला लागले आणि मी तिथेच बाकावर बसलो. शिंपी खिशांना बाहेरचे कापड लावत नाहीत. त्यासाठी घट्ट विणीचे, पांढरट, काहीसे खरखरीत असे वेगळे कापड असते, आणि बाबांच्या कपाटात त्याचा सदैव एक तागा असतो. मी लहान असताना त्याच्या कातरणांवर टाके शिकलो होतो, म्हणजे शिकू शकलो नव्हतो. बाबांच्या हाताची एक खूण आहे: शेवटच्या टाक्याला ते गाठ मारत नाहीत. दोरा दुमडीच्या आतून मागे फिरवतात आणि आतच तोडतात. तो संपला कुठे ते कुणाला सापडत नाही. पट्ट्यावरचे ते कापडही तसलेच होते; त्याच्या दोऱ्याचा शेवट मी शोधला होता, आणि तो मला सापडला नव्हता.

कापडे पुन्हा आली. रोज नाही, पण येत राहिली, नेहमी सकाळच्याच पाण्यात. आणि भोंगा रोज विचारू लागला, “आले का नवाबसाहेब?” आले असले तर तो पट्ट्याकडे पाहून मान झुकवून सलाम करी. मी हसत असे. कुणी विनोद केला की हसायचे, एवढे मला येते. पण आतल्या आत मला वाटे, की माझ्या घराची एक भिंत कुणी काढून नेली आहे आणि आत माणसे वावरताना शहराला दिसत आहेत.

आमच्या घरात आम्ही तिघे. पुढच्या खोलीत खिडकीशी बाबांचे मशीन, मधल्या खोलीत मी, आणि स्वयंपाकघर व उरलेले सारे जग आत्याच्या ताब्यात. आई गेल्यावर आत्या आमच्याकडे राहायला आली आणि तिने घर हाती घेतले ते असे, की कचऱ्याचा डबासुद्धा ती रिकामा करण्याआधी तपासते. कुणी किती औषध घेतले, कुणी बाहेरचे खाल्ले, तिला डब्यातून कळते. वाळत घातलेल्या कपड्यांवरही तिची नजर असते. या घरात लपवायचे असेल, तर पाण्यात सोडण्यावाचून मार्ग नाही. हे माझ्या लक्षात आले आणि कापडे आमच्याच घरची आहेत याविषयीची माझी उरलीसुरली शंकाही मावळू लागली.

तरीही कापडे आत्याची असतील, अशी मी आशा करून पाहिली. आशा हा शब्द इथे किती वाईट आहे, ते मला कळते. एका संध्याकाळी ती भाजी निवडत होती, तिच्यासमोर जाऊन मी उभा राहिलो.

“आत्या, तुझी तब्येत बरी आहे ना?”

तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. “का रे? वारस म्हणून नाव लावायचंय?”

“नाही. सहज.”

“सहज विचारणाऱ्यातला तू नाहीस. तुझ्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे विहिरीतून बादली ओढावी लागते. काय झालंय?”

“काही नाही. थकल्यासारखी वाटलीस.”

“मी जन्मापासून थकलेय, तुला आज दिसलं. माझं राहू दे. तुझ्या बापाकडे बघ जरा. हल्ली सकाळी संडासात जातो तो गावाला गेल्यासारखा. बाहेर यायचं नाव नाही. आणि पाणी किती वेळा सोडावं माणसानं? टाकी माझ्या डोळ्यांदेखत रिकामी होते.” तिने शेंगेचे देठ मोडले. “मी म्हटलं, दादा, पोट बिघडलंय का? तर म्हणतो, तू तुझं बघ. मला. मी म्हणजे कुणी परकी.”

पुढच्या खोलीत मशीनची टीप चालू होती आणि ती मध्येच थांबली. आम्ही दोघेही ऐकत होतो. मग टीप पुन्हा सुरू झाली.

त्यानंतर मी बाबांना पाहू लागलो. म्हणजे, ते पाहत नसताना. ते पाणी कमी पीत. पेला भरून घेत आणि मशीनशेजारी तसाच ठेवत. खुर्चीच्या कडेवर बसत. त्यांचा चेहरा जुन्या कागदासारखा झाला होता, आणि हा बदल इतका हळू झाला असावा, की रोज पाहणाऱ्याला तो दिसूच नये. मला जाळीवर दिसला. शहरात जो तो आपल्या माणसाकडे डोळ्यांनी पाहतो. मी माझ्या वडिलांकडे लोखंडी गजांमधून पाहत होतो.

रोज घरी येताना मी वाक्य जुळवत असे. ‘बाबा, तुम्हाला काही त्रास होतोय का?’ हे वाक्य कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत टिके. दाराशी पोहोचेपर्यंत त्याचे ‘बाबा, जेवलात का?’ झालेले असे. बाबा म्हणत, “जेवलो. कॉलर बघू.” आणि माझी कॉलर स्वच्छ असे.

एके दिवशी भरलेला पंजा वर येता येता अर्ध्यातच थांबला. साखळी ताणली गेली, मोटर एकदा हुंकारली आणि बंद पडली. धोक्याचा दिवा लागला. शेजारची दुसरी वाट दुरुस्तीसाठी बंद होती, त्यामुळे शहराचे सारे पाणी या एकाच जाळीवर येत होते. आणि जाळी तुंबली होती. गजांच्या अलीकडचे पाणी कडेवरच्या खुणा एकेक करून झाकू लागले. पलीकडे मात्र ते उतरत होते. त्या दोन पातळ्यांमधले अंतर वाढताना पाहण्यासारखे भयानक दुसरे काही मी पाहिलेले नाही. काहीच आवाज होत नाही. फक्त एक बाजू भरत जाते.

भोंग्याने वीज तोडून कळीला कुलूप लावले. आम्ही कमरेला सुरक्षेचे पट्टे बांधून कठड्याशी उभे राहिलो आणि लांब दांड्याच्या आकड्यांनी ओढू लागलो. खालून वर आला तो मनगटाएवढा जाड दोरखंड होता. केस, वाइप्स आणि चिंध्या पाण्यात फिरून फिरून वळल्या जातात. पण चिंध्या बहुधा तुटतात, दोर कुठेतरी सैल पडतो. हा पडला नव्हता. त्यात ठिकठिकाणी ती चौकोनी कापडे वळलेली होती आणि त्यांचा एकही काठ उसवला नव्हता.

“नवाबसाहेब, मानलं तुम्हाला,” भोंगा धापा टाकत म्हणाला. “शिवण असावी तर अशी.”

पाणी उतरू लागले तेव्हा मॅडम आल्या. त्या आमच्या केंद्राच्या इंजिनिअर. कमी बोलणाऱ्या, पण माझ्यासारख्या नव्हेत. त्यांच्या कमी बोलण्यातून कामे होतात. त्यांनी हातमोजे घालून तो दोरखंड उलगडून पाहिला.

“सगळी कापडं एकाच हातची आहेत,” त्या म्हणाल्या. “म्हणजे एकाच घरातली. आणि येतात सकाळच्या पहिल्या पाण्यात, तेव्हा घर लांब नाही. बाजाराच्या मागच्या गल्ल्या. उद्या तिथल्या गटारांची झाकणं उघडा आणि प्रत्येक घराच्या नळीच्या जोडाखाली तारेची जाळी टाका. सापडेल.”

“सापडलं की?” भोंग्याने विचारले.

“दारात जाऊन दाखवायचं, तुमचंच आहे ना. आणि नोटीस. आज पाणी वर आलं असतं तर खालच्या वस्तीत शिरलं असतं.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “तुम्ही त्याच भागात राहता ना? उद्या पथकाबरोबर चला. गल्ल्या दाखवा.”

मी म्हणालो, “हो, मॅडम.”

त्यांचे काहीच चूक नव्हते. त्या निघून गेल्या, त्यांच्या पाठीकडे पाहत मी ‘मॅडम, ते घर आमचे आहे’ हे दुसरे वाक्य जुळवत राहिलो, आणि तेही दाराशी पोहोचले नाही. भोंग्याला सांगावे असे वाटले. पण भोंग्याला सांगणे म्हणजे शहराला सांगणे. त्याला कुजबुजता येत नाही. मला डोळ्यांसमोर दिसत होते: आमची गल्ली, उघडे झाकण, भोवती जमलेली माणसे, आणि तारेच्या जाळीवरून उचललेले ते कापड चिमट्यात धरून आमच्या दारात उभा असलेला मी.

मी दोरखंडातून एक कापड सोडवले. जंतुनाशकात भिजवले, धुतले, पुन्हा धुतले, पंपाच्या गरम नळीवर वाळवले. डाग फिकट झाला, पण गेला नाही. कागदाच्या पाकिटात घालून मी ते घरी नेले.

घरी पोहोचलो तेव्हा उजेड होता. आत्या शेजारी गेली होती. बाबा खिडकीशी बसून एका कोटाचे अस्तर लावत होते.

“लवकर आलास,” ते म्हणाले. “कॉलर बघू.”

मी जवळ गेलो. त्यांनी पाहिली आणि मान हलवली. मी खिशातून पाकीट काढले, आतले कापड काढून मशीनच्या पाटावर, त्यांच्या कात्रीशेजारी ठेवले. मी ते फक्त ठेवले.

बाबांनी आधी सवयीने काठ पाहिला. अंगठ्याने चारही बाजू चाचपल्या. मग त्यांचा हात थांबला. ते खिडकीबाहेर पाहू लागले, आणि मला वाटले, आता ते अस्तर उचलतील, पुन्हा टाके घालू लागतील, आणि हे इथेच संपेल.

“हे कुठं मिळालं?”

“कामावर.”

“तिथं कसं येईल? ते तर वाहून जातं.”

“आमच्याकडेच येतं, बाबा. सगळं आमच्याकडे येतं. लोखंडाची जाळी आहे, तिच्यात अडकतं. ते वर येतं, आणि मी…” मी कात्री जराशी सरकवली. “मी तिथं उभा असतो.”

“दिव्यांच्या भिंतीसमोर असतोस ना तू?”

“नाही.”

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिले. आयुष्यभर त्यांनी माझ्या बाह्या पाहिल्या होत्या, हात आजच पाहिले. “हे तू हातानं उचलतोस?”

“चिमटा असतो. मोजे असतात.”

“रोज?”

“रोज.”

ते कापड त्यांनी उचलले, उलटे केले आणि डाग खाली जाईल असे ठेवले. “मला वाटलं, खाली गेलं की गेलं,” ते म्हणाले. “दोरे सुटले तर कुणाच्या नळीत अडकतील, म्हणून काठ शिवत होतो. नीट निघून जावं म्हणून. वाटेत कुणाला त्रास नको.”

मला हसू आले आणि त्याच वेळी डोळे भरून आले. आमची मोटर जिच्यामुळे बंद पडली, ती शिवण दुसऱ्याला त्रास होऊ नये म्हणून घातलेली होती. चिंधी टाकतानासुद्धा तिचा काठ उघडा ठेवता येऊ नये, अशी चूक या शहरात एकाच माणसाकडून होऊ शकत होती.

“रक्त कधीपासून जातंय, बाबा?”

वाक्य दारातून आत आले होते. ते कसे आले, मला कळले नाही.

बाबांनी सुई अस्तरात टोचली, काढली, पुन्हा टोचली. “उद्या गिऱ्हाइकाला कोट द्यायचाय.”

“उद्या गल्लीत माणसं येणार आहेत. झाकणं उघडून जाळ्या टाकायला. कापडं कुठल्या घरातून येतात ते शोधायला.” मी सगळे सांगून टाकले, मोटर, पाणी, मॅडम, दारात येऊन दाखवणार आहेत ते. मला लाज वाटत होती, की मी त्यांना घाबरवत आहे. पण मी स्वतःच इतका घाबरलो होतो, की दुसरे काही माझ्याजवळ नव्हते. “मला त्यांच्याबरोबर जायचंय. किंवा तुमच्याबरोबर, दवाखान्यात. तुम्ही सांगाल तिकडे जाईन.”

बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला लावली. आत्या परतल्याचा आवाज आला.

“तिला सांगू नकोस,” बाबा हळूच म्हणाले. “घर डोक्यावर घेईल.”

“म्हणजे दवाखान्यात?”

“कोट आज पुरा करतो.”

सकाळी मी भोंग्याला फोन केला. त्याने फोन घेताच मी तो कानापासून लांब धरला.

“अरे मौनी, कुठं आहेस? गाडी निघाली. जाळ्या घेतल्यात. आज नवाबसाहेबांच्या वाड्यावर जायचंय.”

“मी येत नाही. वडिलांना डॉक्टरकडे नेतोय.”

“काय झालं त्यांना?”

“माझे वडील शिंपी आहेत,” मी म्हणालो.

पलीकडे गाडीचे इंजिन घुरघुरत होते. कुणीतरी फावडे आपटले. मग भोंग्याचा आवाज आला, आणि तो मला ओळखूच आला नाही. इतका हलका आवाज त्या गळ्यात असेल असे मला कधी वाटले नव्हते.

“कापडं आता येणार नाहीत ना?”

“नाही.”

“मग मी मॅडमना सांगतो, घर सापडलं, समज दिली. त्या विचारतील कुठलं. मी म्हणेन, मला ऐकू कमी येतं.” त्याने गाडीचे दार लावून घेतल्याचा आवाज आला. “नीट ने त्यांना. रिक्षानं ने. चालवू नकोस.”

दवाखान्यातल्या बाकावर बाबा कडेवर बसले होते, हातात काहीच नसलेल्या माणसासारखे. ते पडद्याच्या शिवणीकडे पाहत होते. ती एका ठिकाणी तिरकी गेली होती. आमचे नाव पुकारले. डॉक्टर माझ्याच वयाचे होते, आणि मला वाटले की याच्यासमोर बाबा काही बोलणार नाहीत.

“काय होतंय, काका?”

बाबांनी माझ्याकडे पाहिले. मी समजलो, की माझ्यामुळे त्यांना बोलता येत नाही, आणि उठून दाराकडे वळलो.

“थांब,” बाबा म्हणाले. मग डॉक्टरांकडे न पाहता, टेबलाच्या काठावर अंगठा फिरवत ते म्हणाले, “लघवीतून रक्त जातं. थंडी सुरू झाली तेव्हापासून. याला काल कळलं.”

याला काल कळले, हे खरे नव्हते. मी ते दुरुस्त केले नाही.

तपासण्या झाल्या. मूत्राशयात काहीतरी वाढले आहे, असे डॉक्टर म्हणाले. दुर्बिणीतून काढू, तपासायला पाठवू, तोपर्यंत काही सांगता येणार नाही. याहून उशीर केला असता तर अवघड होते. आता किती अवघड आहे, ते त्यांनी सांगितले नाही आणि मला विचारता आले नाही. वाक्ये जुळवण्याचा माझा रस्ता पुन्हा सुरू झाला होता.

आत्याला सांगावे लागले. तिने घर डोक्यावर घेतले नाही. ती स्वयंपाकघरात गेली, भांडी घासू लागली, घासलेलीच भांडी पुन्हा घासली. मग बाहेर येऊन म्हणाली, “दादा, माझ्या डब्यात टाकायचं होतंस. मी काय वाचून दाखवणार होते कुणाला?” बाबा म्हणाले, “तू दाखवलं असतंस.” ती म्हणाली, “हो, दाखवलं असतं. डॉक्टरला.”

जाळीवर आता ती कापडे येत नाहीत. पंजा मुकाट्याने वर येतो, पट्ट्यावर केस, वाइप्स, फांद्या पसरतात, आणि मी एकेक गोष्ट अजूनही तशीच पाहतो. भोंगा ‘नवाबसाहेब’ म्हणत नाही. तो विचारतो, “वडील?” आणि ते विचारताना पट्ट्याचा आवाज थांबेपर्यंत थांबतो, म्हणजे त्याला ओरडावे लागू नये.

उद्या ऑपरेशन आहे. आज मी लवकर घरी आलो. बाबा खिडकीशी बसून दवाखान्यात न्यायची कापडे कापत होते, त्याच पांढरट ताग्यातून. शेजारी चौकोनांची चळत होती. मी वरचा चौकोन उचलला आणि उलटून पाहिला. त्याचा काठ उघडा होता. दोरे सुटून लोंबत होते.

“हे शिवलं नाहीत?”

“आता डब्यातच तर टाकायचंय,” ते म्हणाले. “कशाला डोळे फोडायचे?”

ते हे साधेपणाने म्हणाले. पण बाबांच्या हातून सुटलेले उघड्या काठाचे कापड मी याआधी कधी पाहिले नव्हते, आणि ते मला डॉक्टरांच्या न सांगितलेल्या उत्तरासारखे वाटले. मी स्टूल ओढले. सुई घेतली, दोरा ओवताना दोनदा चुकलो, आणि मी काठ दुमडून टाके घालू लागलो. बाबा कात्री खाली ठेवून पाहत राहिले. लहानपणी पाहत तसे.

एक बाजू झाल्यावर मी ते त्यांच्यापुढे धरले. त्यांनी ते उजेडाकडे नेले.

“टाके केवढाले आहेत. आणि ही दुमड? एकीकडे बोटभर, एकीकडे काहीच नाही.”

“राहू दे. डब्यातच टाकायचंय.”

“असं कसं राहू दे?” त्यांनी कापड माझ्या हातात परत दिले, आणि कपाटातून स्वतःसाठी दुसरी सुई काढली. “उसव. पुन्हा घाल. मी दाखवतो.”

मी उसवले. खिडकीत अजून उजेड होता.